फुटामागं एक सूत

फळीवरची शेवटची रेघ पुरी व्हायच्या आतच बाबालाल मिस्त्री खाली बसला, आणि बसला तो पुन्हा आपल्या पायांनी उठला नाही.

शेडमध्ये तेव्हा केरबाच होता. करवतीचे दात घासता घासता त्याला वाटलं, मिस्त्रीची पेन्सिल पडली असेल म्हणून वाकलाय. पेन्सिल पायाशीच होती, पण उजवा हात तिच्याकडं जातच नव्हता. केरबानं त्याला पाठीवर घेतलं, ओरडत रस्त्यावर आला आणि शिरोलीकडं निघालेला रेतीचा टेम्पो मधे उभं राहून थांबवला. मागून मिस्त्रीची बायको जुलेखा अनवाणी धावत आली. लेक शबनूर त्या वेळी विद्यापीठात तिसऱ्या तासाला बसलेली. तिला संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर पानपट्टीवाल्यानं सांगितलं.

हे दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत झालं. सतरा दिवसांनी अब्बांना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि बोलण्यातला एकच आवाज शिल्लक होता. अं. पाणी पाहिजे तरी अं, कूस बदलायची तरी अं. जुलेखाला त्यातला फरक कळायला लागला होता. शबनूरला कळत नव्हता. ती तांब्या घेऊन जायची तेव्हा त्यांना चादर पाहिजे असायची.

मिस्त्रीचं काम पॅटर्नचं. फौंड्रीत जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा. तो रेतीत दाबून काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, ओतीव लोखंड, ओततात. बीड गार होताना आकसतं. फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून मिस्त्रीची पोलादी पट्टीच मुळात वाढीव होती, तिचा फूट दुनियेच्या फुटापेक्षा एका सुतानं लांब. त्या पट्टीनं मोजून केलेलं लाकूड मोठं दिसायचं आणि बीड गार झालं की मापात यायचं.

पाचवीत असताना शबनूर ती पट्टी शाळेत घेऊन गेली होती. गुरुजींनी सहा इंचांची रेघ काढायला सांगितली. सगळ्या वर्गाची रेघ एकसारखी आली, हिची लांब. "सहा इंच म्हंजे किती ते बी कळंना व्हय?" म्हणत गुरुजींनी तीच पट्टी तिच्या बोटांवर मारली. घरी येऊन तिनं बोटं दाखवली, तेव्हा अब्बा आधी हसले आणि मग त्यांनी तिला पट्टी समजावून सांगितली. पुढं गणितातल्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मापन सिद्धांताच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, लांबी म्हणजे काय? शहरातल्या, राजारामपुरीच्या मुली वहीत बघत बसल्या. शबनूर उभी राहिली आणि म्हणाली, "कशासाठी मोजतोय त्याच्यावर हाय, सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत.

एप्रिलमध्ये शेवटची परीक्षा होती. चार पेपर. दोन वर्षांमागं बिद्रीच्या फूफीनं स्थळ आणलं होतं, तेव्हा अब्बांनी बहिणीला सांगितलं होतं, दोन हजार दोनचा एप्रिल जाऊ दे, मग तू म्हणशील तसं. म्हणजे याच एप्रिलला पेपर दिले तर दिले. पुढचं वर्ष शबनूरसाठी कुणी राखून ठेवलेलं नव्हतं. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. पण फूफी भावाची सेवा करायला म्हणून आली ती चार लुगडी घेऊन आली, आणि त्यातलं एक नवं, शबनूरसाठी होतं.

मार्च लागला आणि फौंड्रीचा सुपरवायझर सयाजी मोटारसायकलवरून आला. बाजेवरच्या माणसाकडं त्यानं एकदाच बघितलं, मग तो शेडच्या दारातच उभा राहिला. काम साखर कारखान्याच्या पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं होतं, शंखासारखं वळत जाणारं. हंगाम आटपला की कारखान्याला ती बदलायची होती. मोडकी केसिंग नमुना म्हणून महिनाभर मिस्त्रीकडं होती. त्यानं तिच्यावरून फळीवर पूर्ण आकाराचं चित्र काढलं, आणि नमुना सयाजी परत घेऊन गेला होता. आता जे काही होतं ते फळीवर होतं.

"मिस्त्री बरं हुतीलच की," सयाजी म्हणाला. "पर महिनाअखेर पॅटर्न पायजे. हुणार नसंल तर फळी तेवढी द्या. दुसऱ्याकडनं करून घेतो."

फळी गेली की काम जाणार आणि काम गेलं की शेड. केरबाला एमआयडीसीत कुणीही घेतलं असतं. पण घरात मग बाज आणि औषधंच राहिली असती. जुलेखा दाराआड उभी होती. बोलली ती शबनूर.

"मी करतो. केरबाकाका हायत."

सयाजीनं केरबाकडं बघितलं. "एमेस्सीत सुतारकी बी शिकिवत्यात व्हय गा?"

केरबानं मान खाली घातली. तीस वर्षं तो मिस्त्रीच्या हाताखाली होता. करवत, रंधा, पटाशी, लेथ सगळं त्याच्या हातात बसलेलं. पण फळीवरचं चित्र त्यानं कधी वाचलं नव्हतं. खूण करायची मिस्त्रीनं, कापायचं केरबानं, अशी वाटणी पहिल्या दिवसापासूनची. सयाजी गेल्यावर तो शबनूरला म्हणाला, "मला खूण दाव पोरी, केसभर इकडं-तिकडं हुणार न्हाय. पर खूण माझ्यानं हुत न्हाय."

तास बंद झाले होते, अभ्यासाची सुट्टी लागली होती. पहाटे उठून शबनूर पाणी भरायची. मग जुलेखा आणि ती मिळून अब्बांना कुशीवर वळवायच्या, पाठ पुसायच्या, बाजेची कापडं धुवायच्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवायला सांगितलं होतं, म्हणून तिच्या अभ्यासाचेही दोन-दोन तासांचे तुकडे पडले. एका प्रमेयाची सिद्धता सुरू करायची आणि ती मधे असतानाच आतून अं यायचं. परत आल्यावर मघाशी स्पष्ट दिसलेली पायरी दिसायची नाही. ती बसून वाचायचीच बंद झाली. अंगणात फेऱ्या मारत वाचायची, आणि फूफी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता म्हणायची, हिच्या पायात काय शिरलंय कुणास ठाऊक.

फळी शेडच्या भिंतीला टेकून उभी होती. सगळं चित्र पुरं होतं, एका कडेची रेघ तेवढी अर्धी. ती रेघ नसली तरी अडत नव्हतं, दुसऱ्या कडेवरून ती कळत होती. शबनूरनं ती तशीच ठेवली.

मोजायचं कशानं, हा प्रश्न तिला पडला नाही. अब्बांची पट्टी जुलेखानं त्या दिवशी शेडमधून आणून बाजेच्या वरच्या खिळ्याला अडकवली होती. डोळे उघडले की त्यांना ती दिसायची. ती काढून आणायला शबनूरचा हात झाला नाही. तिनं पिशवीतली आपली फूटभर प्लॅस्टिकची पट्टी घेतली, फळीवरचं एकेक माप वहीत उतरवलं आणि प्रत्येक मापात बीड आकसण्याची वाढ घातली. बारीक अपूर्णांक येत होते, ते तिनं दोन-दोनदा तपासले. कागदावर तिचं गणित बिनचूक होतं.

पंधरा दिवस केरबा कापत राहिला. सागवानाचे तुकडे सरसानं जोडायचे, शिकंज्यात आवळून वाळवायचे, मग पटाशीनं आतलं वळण उतरवायचं. शबनूर खुणा करून द्यायची आणि तो पुढच्या खुणेपर्यंत पोचेतो लाकडाच्या ओंडक्यावर बसून वाचायची. टॉपॉलॉजीच्या वहीत भुसा साचला. तिच्या बोटांना सरस लागायचा आणि पानं एकमेकांना चिकटायची. उन्हानं शेडचा पत्रा तापायचा, केरबाची बंडी पाठीला चिकटायची. मधूनच तो विचारायचा, हे जे तू वाचतीस त्येच्यात आकडं का न्हाईत? ती म्हणायची, पुढं पुढं आकडे संपतात काका. त्यावर तो बराच वेळ रंधा मारत राहायचा.

शंखाचा अर्धा भाग तयार झाला, तेव्हा केरबाला तो मिस्त्रीला दाखवायचा होता. त्यानं तो पुसला, दोन्ही हातांवर घेतला आणि नमाजाला जाणाऱ्या माणसासारखा चपला काढून आत आला. बाजेवर अब्बांच्या डाव्या बाजूला ठेवला.

अब्बांनी डावा हात त्यावरून फिरवला. वळणावरून बोटं सावकाश खाली उतरली. मग त्यांनी वीत पसरली, एकदा, दोनदा, तीनदा. त्यांच्या तोंडातून आवाज आला. अं. मग मोठ्यानं. आणि डाव्या हाताच्या मनगटानं त्यांनी तो भाग ढकलला. तो बाजेखाली फरशीवर आपटला, एका कोपऱ्याचा टवका उडाला.

केरबानं तो उचलला नाही. आपलीच काही चूक झाल्यासारखा तो भिंतीला लागून उभा राहिला.

"त्याला पसंत न्हाय," फूफी म्हणाली. "लेकीनं बापाचं हत्यार धरलंय, कुठल्या बापाला बघवंल? असल्या कामात बी घालायची न्हाय आन् त्या पुस्तकात बी न्हाय."

शबनूर बाहेर गेली. दोन दिवस ती शेडमध्ये आली नाही. फळीकडं पाठ करून अंगणात वाचत राहिली, आणि वाचलेलं काहीच आत गेलं नाही. अब्बांना पसंत नाही हे तिला पटत नव्हतं. ज्या माणसानं तिच्या पहिल्या सायकलची चेन स्वतः बसवून तिला हायवेपलीकडच्या शाळेत धाडलं, त्याला हे का खुपावं? पण हात तर त्यांनीच मारला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांना पेज भरवत होती. अब्बांनी तोंड मिटलं. अं. तिनं पाणी पुढं केलं. अं. चादर सारखी केली. त्यांचा डावा हात वर गेला, भिंतीकडं. खिळ्याकडं. तिनं उठून पट्टी काढली आणि त्यांच्या हातात दिली. ती गार होती आणि तिच्या आठवणीपेक्षा जड.

अब्बांनी पट्टी गोधडीवर ठेवली. मग त्यांची बोटं शबनूरच्या मांडीजवळच्या पुस्तकांच्या पिशवीवर आली. पिशवी त्यांना उघडेना, तिनं उघडून दिली. त्यातली प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी बाहेर ओढली आणि पोलादी पट्टीला लावून ठेवली. एका बाजूची टोकं जुळवायला त्यांना खूप वेळ लागला. जुळली, तेव्हा त्यांनी अंगठा सरकवत दुसऱ्या टोकाला नेला. तिथं बारावा इंच बाराव्या इंचाला भेटत नव्हता. मधे एक सूत.

त्यांनी त्या सुतावर अंगठा ठेवला आणि तिच्याकडं बघितलं.

शबनूरच्या हातातली वाटी कलंडली. फळीवरचं चित्र अब्बांनी वाढीव पट्टीनंच काढलं होतं. त्यात वाढ आधीच होती. तिनं ते साध्या पट्टीनं मोजलं आणि वरून पुन्हा वाढ घातली. एकाच आकसण्याची दोनदा. दोन फुटांच्या केसिंगला दोन सुतं जास्त, आणि एकही बोल्ट भोकाला लागला नसता. दहा वर्षांची होती तेव्हा ती पट्टी तिला कळली होती. एमएस्सी करताना विसरली.

"दोनदा घातलं मी," ती म्हणाली.

"अं," अब्बा म्हणाले. या वेळी तिला कळलं.

महिनाअखेरीला अकरा दिवस होते आणि पहिल्या पेपरला चौदा. बाहेरून रंधून माप कमी झालं असतं, पण आतलं वळण कमी करता येत नव्हतं, सगळं नव्यानं करायला हवं होतं. तिनं केरबाला सांगितलं तेव्हा तो शिव्या देईल असं तिला वाटलं. त्यानं फक्त विचारलं, "म्हंजे कापण्यात चूक न्हवती?" नाही म्हटल्यावर त्यानं तंबाखू मळली, नवं लाकूड काढलं आणि दुपारच्या जेवणालाही घरी गेला नाही.

आता ती खुणा पोलादी पट्टीनं करायची आणि संध्याकाळी ती पट्टी परत खिळ्याला लावायची. प्रत्येक भाग जोडण्याआधी बाजेवर नेऊन ठेवायची. अब्बा वीत पसरायचे, बोटं फिरवायचे. एकदा त्यांनी वळणाच्या आत एका जागी नखानं खूण केली. केरबानं तिथं पटाशी लावली आणि एक पापुद्रा काढला, कांद्याच्या सालीइतका. परत हात फिरवल्यावर अब्बांनी डोळे मिटले.

एकतीस तारखेला लाल रंग दिलेला पॅटर्न सयाजी टेम्पोत घालून घेऊन गेला. कॅलिपर लावून बघावं असं त्याच्या मनात होतं, पण नमुना इथं नव्हता आणि मिस्त्री बाजेवर असताना कुणापुढं मोजायचं हेही त्याला कळेना. ओतल्यावर कळंलच, एवढं म्हणून त्यानं गाडी काढली.

पेपर सुरू झाले. पहिला बरा गेला, दुसरा बेताचा, तिसऱ्याला तिचा हात थांबला नाही. शनिवारी तो देऊन ती घरी आली तेव्हा अब्बांनी पेज घेतली आणि पट्टीकडं बघत पडून राहिले. सोमवारी सकाळी जुलेखा त्यांना कुशीवर वळवायला गेली तर अंग वळेना.

दुपारी जनाजा निघाला. बायका दारातच थांबल्या. केरबा खांदा द्यायला पुढं झाला, तेव्हा कुणीतरी जरा घुटमळलं, मग सरकून जागा करून दिली. शबनूरनं त्याची पाठ वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघितली. तिला रडू आलं नाही. तिला सारखं काहीतरी उचलून ठेवावंसं वाटत होतं. तिनं बाजेची दोरी सोडली, पुन्हा आवळली. औषधाच्या बाटल्या धुतल्या.

बुधवारी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. माणसं फातिहा वाचून, सरबत घेऊन उठायला लागली तेव्हा सयाजी आला. रुमाल डोक्यावर बांधून तो अंगणाच्या कडेला बसला. निघताना शबनूरजवळ थांबला.

"केसिंग बसली," तो म्हणाला. "एकदम बसली. मिस्त्रींना सांगायला येणारच हुतो परवा."

तिनं मान हलवली. तो आणखी घुटमळला. "पुढचं काम आलं तर तुमच्याकडंच पाठवू न्हवं का?"

"केरबाकाकांना इचारा," ती म्हणाली.

चौथा पेपर गुरुवारी होता. मापन सिद्धांत. शबनूरनं सकाळी अंघोळ केली, ओढणी पिन लावून बसवली आणि प्रवेशपत्र काढलं. फूफी ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"कुठं?"

"पेपरला."

फूफीनं सूप खाली ठेवलं. आवाज तिनं चढवला नाही. अजून पावणे येणार, कबरीवरची माती ओली, चाळीसावं व्हायचंय, आणि बापाच्या घरातून पोरगी पुस्तक घेऊन बाहेर पडणार, तर बिद्रीत मी तोंड कुणाला दाखवू, असं तिनं सावकाश, एकेक शब्द निवडून सांगितलं. एक पेपर राहिला तर राहिला. तीन दिलेत की.

शबनूर उंबऱ्यापाशी उभी राहिली. पाय बाहेरही पडेना आणि आतही वळेना. एवढे दिवस जे पाय थांबत नव्हते ते आता थांबले.

आतल्या खोलीतून जुलेखाचा आवाज आला. ती इद्दतला, विधवेनं पाळायच्या एकांताला, बसली होती, कोपऱ्यातल्या चटईवर, पांढऱ्या साडीत. बांगड्या काढलेली मनगटं मांडीवर होती.

"तीन दिस झालं, आपा," ती म्हणाली. "बापासाठी लेकीला तीनच दिस सांगितल्यात. चार म्हयनं धा दिस माझं हायत. ती मी बसतो. तिचं ती जाऊ दे."

फूफीनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. जरा वेळानं तांदळाचा आवाज यायला लागला.

शबनूर आत आली. बाज उभी करून भिंतीला लावली होती. वरच्या खिळ्याला पट्टी तशीच होती. तिनं ती काढली आणि पॅडखाली धरली. बाहेर केरबा एम-एटी गाडी चालू करून उभा होता. शेडचं दार त्यानं सकाळीच उघडलं होतं. आतली फळी रस्त्यावरून दिसत होती, अर्ध्या रेघेसकट.

परीक्षेच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते. पर्यवेक्षक म्हातारे होते, कुठल्यातरी कॉलेजातून आलेले. उत्तरपत्रिका वाटता वाटता त्यांना तिच्या बाकावरची पट्टी दिसली. त्यावर काही लिहून आणलंय का म्हणून त्यांनी ती उचलली, उजेडाकडं धरून दोन्ही बाजू बघितल्या. मग शेजारच्या मुलाची पट्टी तिला लावून बघितली.

"ही कुणाची?"

"वडिलांची."

"चुकीची आहे ही. फुटात फरक पडतोय."

सगळा हॉल कागद चाळत होता. शबनूरनं पट्टीसाठी हात पुढं केला.

"चुकीची नाही सर. गार झालं की बरोबर येतं."

त्यांना ते कळलं नाही. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी पुढं विचारलं नाही, पट्टी बाकावर ठेवली आणि पुढच्या बाकाकडं गेले.

घंटा झाली. शबनूरनं पट्टी कागदाच्या डाव्या कडेला लावली आणि समासाची रेघ ओढली, वरपासून खालपर्यंत, पुरी. मग तिनं पहिला प्रश्न वाचायला घेतला.